मळलेली वाट आणि पेन्सिलीवरचं तांबं

गेल्या अंकात आपण चार ओळींची एक बातमी छापली होती, की मेंदूतल्या सिनॅप्ससारखे वागणारे इलेक्ट्रॉनिक पार्ट बनवतायत आणि त्यातून मेंदूसारखी चालणारी चिप येणार. मथळा होता ‘आता चिप विचार करणार!’. मथळा माझा नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या उद्गारचिन्हाने काम केलं, एरवी महिन्याला फ्रिज आणि इन्व्हर्टरवरची पत्रं येतात, या वेळी ढीगभर पत्रं या एकाच विषयावर आली. त्यातली पाच घेतलीयेत. बाकीच्यांनी रागावू नका, इन्व्हर्टरवाल्यांनी तर अजिबात नको, पुढच्या महिन्यात तुमचाच नंबर.

प्रश्न : ताई, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, सायन्स दहावीनंतर सुटलं. सिनॅप्स म्हणजे काय आणि त्याची नक्कल तारा-बिरा जोडून कशी काय करतात? आणि मुळात करायचीच कशाला, कॉम्प्युटर आहे की चांगला चालणारा! (सातारा)

काका, शेवटचा प्रश्न सगळ्यात भारी आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

किराणा दुकान डोळ्यासमोर आणा. काउंटरवर हिशोब करणारा हुशार मुलगा बसलाय, पण भावाची वही मागे गोदामात ठेवलीय. गिऱ्हाईक म्हणालं दोन किलो साखर, की हा उठणार, गोदामात जाणार, साखरेचा भाव बघणार, परत येऊन दोनने गुणणार, मग तूरडाळ, परत गोदाम. गुणाकार चुटकीसरशी होतो हो, जीव जातो तो येण्याजाण्यात. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच चालतं, प्रोसेसर एकीकडे, मेमरी दुसरीकडे, आणि आकडे दिवसभर मधल्या बोळातून पळतायत. एक्सेल शीटसाठी हे चालून जातं. पण हल्लीचं जे एआय आहे त्याला एका उत्तरासाठी कोट्यवधी गुणाकार आणि बेरजा लागतात, आणि मग वीज गुणाकारापेक्षा या येण्याजाण्यातच जास्त जळते.

आता मेंदू बघा. साधारण ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या पेशी, आणि सगळा कारभार २० वॅटच्या आसपास, म्हणजे तुमच्या घरातली एक एलईडी ट्यूब. मेंदूत गोदाम वेगळं नाही ना! दोन न्यूरॉन जिथे एकमेकांच्या जवळ येतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात, आणि ती जोडणी किती घट्ट किंवा किती सैल आहे हीच तिथली आठवण. निरोप तिथून जाताना त्या घट्टपणाप्रमाणे मोठा किंवा लहान होऊन पुढे जातो, म्हणजे हिशोब पण तिथेच उरकला. भावाची वही आणि हिशोब करणारा पोरगा एकाच खुर्चीत बसलेत असं समजा.

आणि ही जोडणी वापराने बदलते. डोनाल्ड हेब नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलं होतं, की एक पेशी दुसरीला पेटवायला वारंवार हातभार लावत असेल तर त्यांच्यातला दुवा पक्का होत जातो. आपल्याकडे याला शब्द आहे, मळलेली वाट. गवतातून रोज माणसं गेली की वाट पडते, वाट पडली की अजून माणसं तिकडूनच जातात, आणि कोणी जाईनासं झालं की परत गवत माजतं.

मग इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना काय हवंय, तर एक असा चिमुकला पार्ट ज्यातून करंट गेला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, थोडा बदलेल, आणि वीज बंद केली तरी तो बदल तसाच राहील. इतकंच. विचार-बिचार करणारं त्यात काही नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सला आहे. आम्हाला रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर असे तीनच पॅसिव्ह पार्ट शिकवले पण सर म्हणाले मेमरिस्टर नावाचा चौथा आहे. तो कुठे मिळेल? प्रोजेक्टसाठी हवा होता. आणि तो खरंच चौथा आहे का? (इचलकरंजी)

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन मेमरिस्टर द्या म्हणालास तर दुकानदार थर्मिस्टर काढून देईल, त्यामुळे तो नाद सोड. पण गोष्ट मजेची आहे, नीट ऐक.

व्होल्टेज, करंट, चार्ज आणि मॅग्नेटिक फ्लक्स ही चार मंडळी. यांच्या जोड्या लावायच्या. व्होल्टेज आणि करंटची जोडी रेझिस्टर सांभाळतो, चार्ज-व्होल्टेज कपॅसिटर, फ्लक्स-करंट इंडक्टर. चार्ज आणि फ्लक्स यांची जोडी लावणारं कोणी नव्हतं. १९७१ मध्ये लिऑन चुआ यांनी कागदावर दाखवलं की इथे एक जागा रिकामी आहे, आणि इथे जो बसेल त्याचा रेझिस्टन्स आजवर त्यातून किती चार्ज गेला यावर ठरेल. मेमरी अधिक रेझिस्टर, म्हणून मेमरिस्टर. वस्तू हातात नव्हती, नुसतं गणित होतं, आणि बरीच वर्षं लोकांनी ते नुसतं वाचलं आणि ठेवून दिलं.

२००८ मध्ये एचपी लॅब्जमधल्या स्टॅनली विल्यम्स यांच्या टीमने ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात जाहीर केलं की सापडला. दोन प्लॅटिनमच्या तारांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा नॅनोमीटरमध्ये मोजायचा पातळ थर, म्हणजे तोच पदार्थ जो पांढऱ्या रंगाच्या डब्यात असतो. त्या थरात काही ठिकाणी ऑक्सिजनचे अणू गायब असतात, या रिकाम्या जागा व्होल्टेज दिलं की एका बाजूला सरकतात, आणि त्या जसजशा पसरतात तसतसा थर जास्त करंट जाऊ देतो, उलटं व्होल्टेज दिलं की मागे सरकतात. व्होल्टेज काढलं की आहेत तिथेच बसून राहतात, आणि ही झाली आठवण. ग्राफ काढलास तर आडव्या पडलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखा येतो, मधोमध शून्यावर चिमटा काढल्यासारखा.

आता तुझा दुसरा प्रश्न. चुआंच्या व्याख्येत फ्लक्स होता, एचपीच्या पार्टमध्ये मॅग्नेटिक फ्लक्सचा पत्ता नाही, त्यामुळे ‘हा तो नव्हेच’ असं म्हणणारेही लोक आहेत आणि त्यांनी तसे पेपरही छापलेत. चुआंनी स्वतः मात्र नंतर दार सताड उघडलं आणि रेझिस्टन्स बदलून लक्षात ठेवणारी जवळपास सगळी मंडळी आत घेतली. माझं विचारशील तर परीक्षेत चौथा आहे असंच लिही, मार्क मिळतील, पण मनात ठेव की कॅपॅसिटरइतका सरळ स्वच्छ पार्ट तो नाही, ती एक जात आहे आणि त्यात बरेच पोटभेद आहेत.

पण मला खरी गंमत वाटते ती याच्याही आधीची. १९६० च्या आसपास स्टॅनफर्डला बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ शिकणारं मशीन बनवत होते, ॲडलाइन त्याचं नाव. शिकायचं म्हणजे प्रत्येक जोडणीचं वजन, म्हणजे तिचा घट्टपणा, बदलता आलं पाहिजे, मग यांनी काय केलं, तर पेन्सिलीतलं शिसं घेतलं, मोरचुदाच्या द्रावणात बुडवलं आणि त्यावर वीज लावून तांब्याचा मुलामा चढवला. तांबं जाड झालं की रेझिस्टन्स कमी, उलटा करंट दिला की तांबं उतरतं आणि रेझिस्टन्स परत वाढतो. त्याला नाव दिलं मेमिस्टर, मधला ‘र’ नाही, आणि पाय तीन, म्हणून तो चुआंचा नव्हे. त्याच सुमारास फ्रँक रोझेनब्लाट यांचं मार्क वन परसेप्ट्रॉन होतं, त्यात तर प्रत्येक वजनासाठी एक पोटेन्शिओमीटर आणि तो फिरवायला एक इलेक्ट्रिक मोटर! म्हणजे मशीन शिकायला लागलं की रेडिओचे शेकडो व्हॉल्यूमचे कान आपोआप पिळले जातायत असा प्रकार. त्यापुढे पेन्सिल म्हणजे केवढी सुधारणा. हाच टेड हॉफ पुढे इंटेलच्या ४००४ प्रोसेसरच्या टीममध्ये होता, तो आला १९७१ मध्ये, म्हणजे चुआंचा पेपर आला त्याच साली. गोदाम आणि काउंटर वेगळे ठेवणारं दुकान धडाक्यात चाललं आणि पेन्सिल ड्रॉवरमध्ये गेली.

आणि हो, इचलकरंजीचा आहेस तर लांब कशाला जातोस, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या नॅनोसायन्स विभागात मेमरिस्टरवर कित्येक वर्षं काम चालू आहे, डॉ. तुकाराम डोंगळे यांचे पेपर शोध. सरांचं पत्र घेऊन लॅब बघायला जा, नुसती जोडणी करून दाखवलेल्या प्रोजेक्टपेक्षा ते चांगलं. मुंबईत आयआयटीलाही प्रा. उदयन गांगुली यांचा ग्रुप याच विषयात काम करतो.

प्रश्न : लेखिकाबाई, मी डॉक्टर आहे. सिनॅप्स ही जिवंत, रासायनिक, अतिशय गुंतागुंतीची रचना आहे. एका रेझिस्टरला सिनॅप्स म्हणणे ही शुद्ध फसवणूक वाटते. (नाशिक)

डॉक्टर, अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं भांडते.

मान्य काय, तर बहुतेक खऱ्या सिनॅप्समध्ये वीज सरळ पलीकडे जातच नाही, साधारण २० नॅनोमीटरची फट असते, अलीकडून रसायनाच्या पुड्या फुटतात, पलीकडचे रिसेप्टर ते झेलतात, कॅल्शियम आत शिरतं, प्रोटीन बदलतात, शिवाय पुडी प्रत्येक वेळी फुटेलच असंही नाही. हे सगळं एका ऑक्साइडच्या थरात कोणी आणलेलं नाही आणि आणल्याचा दावा करणाऱ्याला तुम्ही जरूर झाडा.

पण नक्कल कशाची करतायत तेही बघा. १९९८ मध्ये बी आणि पू या दोन शास्त्रज्ञांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाच्या, पेशी डिशमध्ये वाढवून मोजलं होतं, ते तुम्हाला माहीत असेलच, बाकीच्यांसाठी सांगते : आधीची पेशी नंतरच्या पेशीच्या जरा आधी पेटली, काही मिलिसेकंदांच्या फरकाने, तर जोडणी घट्ट होते, आणि क्रम उलटा झाला तर सैल होते, आणि फरक जास्त झाला की काहीच होत नाही. कोण आधी बोललं त्यावर दोस्ती ठरते. २०१० मध्ये मिशिगन विद्यापीठात वेई लू यांच्या ग्रुपने चांदी मिसळलेल्या सिलिकॉनच्या मेमरिस्टरवर तशाच आकाराचा ग्राफ काढून दाखवला. यात एक मेख आहे आणि ती बातमीत कधी येत नाही, पार्टला स्वतःला वेळ बिळ कळत नव्हती, दोन्ही बाजूचे पल्स, म्हणजे विजेचे छोटे झटके, अशा पद्धतीने आखले होते की वेळेतला फरक शेवटी पल्सच्या लांबीत बदलून पार्टपर्यंत पोचेल. म्हणजे हुशारी बरीचशी बाहेरच्या सर्किटची.

म्हणून मला २०१७ चं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातलं काम जास्त आवडतं. तिथे ऑक्साइडमध्ये चांदीचे कण घातले, व्होल्टेज दिलं की चांदीचा पूल बांधला जातो आणि व्होल्टेज काढलं की चांदी आपली आपण परत गोळा होऊन पूल मोडतो. कॅल्शियम आत येतं आणि हळूहळू बाहेर काढलं जातं, त्याच्याशी ही चाल जुळते, आणि इथे वेळेची जाण त्या पदार्थातच आहे, बाहेरून शिकवलेली नाही. विसरणं हा ज्याचा गुण आहे असा पार्ट. हे बघून तरी तुमचा राग थोडा उतरावा. नाव मात्र ‘सिनॅप्ससारखं एक लक्षण असलेला पार्ट’ असं ठेवलं तर मथळ्यात मावणार नाही, काय करणार.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे सगळं एवढं भारी आहे तर मग सगळे एआयसाठी वापरतात त्या जीपीयू चिपच्या मागे का पळतायत? इंटेलची लोइही चिप आहेच ना न्यूरोमॉर्फिक? मोबाइलमध्ये कधी येणार? (पुणे)

आधी एक गल्लत सोडवू. ‘न्यूरोमॉर्फिक’, म्हणजे मेंदूच्या धर्तीवरचं, हा शब्द कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रूढ केला, आणि त्या छत्रीखाली आता दोन वेगळी घरं राहतात. आयबीएमची २०१४ ची ट्रूनॉर्थ, दहा लाख न्यूरॉन, २५.६ कोटी सिनॅप्स आणि वीज साधारण ७० मिलिवॅट, किंवा इंटेलची २०१७ ची लोइही, यात मेमरिस्टर एकही नाही. साधे आपले सिलिकॉन ट्रान्झिस्टर, सिनॅप्सचं वजन डिजिटल मेमरीत आकडा म्हणून ठेवलेलं, फक्त मेमरी न्यूरॉनच्या शेजारी बसवलीय आणि काम असेल तेव्हाच जागं व्हायचं अशी रचना केलीय. गोदाम मोडून प्रत्येक काउंटरखाली एक ड्रॉवर दिला, असं समज. मागचं पत्र ज्या पार्टबद्दल आहे ते दुसरं घर.

त्या दुसऱ्या घरात काय करतात तेही सांगते, कारण तुला मॅट्रिक्स माहीत आहेत. आडव्या तारा, उभ्या तारा, प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर. आडव्या तारांवर व्होल्टेज द्यायचं, प्रत्येक छेदावर ओहमच्या नियमाने करंट निघतो, म्हणजे व्होल्टेज गुणिले कंडक्टन्स (रेझिस्टन्सचा व्यस्त), आणि उभ्या तारेत सगळे करंट आपोआप एकत्र होतात, किर्चॉफचा नियम. झाला मॅट्रिक्सचा गुणाकार, एका दमात, एकही आकडा कुठून कुठे न नेता. किराणा दुकानाच्या भाषेत, प्रत्येक खणाने स्वतःचा हिशोब स्वतः करायचा आणि पैसे पन्हाळीतून थेट गल्ल्यात. वजन मायनस असेल तर दोन मेमरिस्टर घेऊन एकातून दुसरा वजा करतात, कारण रेझिस्टन्स काही मायनस होत नाही.

कागदावर इतकं देखणं आहे की मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चला, संपलं, पाच वर्षांत सगळीकडे हेच दिसणार. ते वाचून पाच वर्षं कधीच होऊन गेली.

अडतं कुठे? एक म्हणजे हे पार्ट जिलबीसारखे असतात. एकच हात, एकच कढई, तरी प्रत्येक जिलबी वेगळी, इतकंच काय तोच पार्ट परत परत लिहिला तरी आतला पूल दर वेळी वेगळ्या जागी बांधला जातो. दुसरं, वजन वाढवताना हळूहळू वाढतं आणि कमी करताना धाडकन पडतं किंवा याच्या उलट, त्यामुळे चिपवरच शिकवणं फार अवघड जातं, म्हणून बहुतेक जण बाहेर जीपीयूवर शिकवतात आणि तयार वजनं आणून इथे बसवतात. हसू नकोस, जीपीयू सुटत नाही तो असा. तिसरं, काही पदार्थांत लिहिलेला आकडा आपणहून सरकतो, फेज चेंज मेमरी म्हणून जो प्रकार आहे, जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमचा, परत लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत याच घराण्यातले पदार्थ असायचे, त्याचा रेझिस्टन्स ठेवल्या ठेवल्या वाढत जातो. चौथं, आतमध्ये ॲनालॉग असलं तरी बाहेरच्या जगाला डिजिटल आकडे हवेत, त्यासाठी प्रत्येक उभ्या तारेच्या टोकाला एडीसी, म्हणजे ॲनालॉगचं डिजिटल करणारं सर्किट, लागतो आणि गुणाकारात वाचवलेल्या विजेचा मोठा हिस्सा हा द्वारपाल खातो. आणि तारांच्या जाळ्यात करंट आडवाटेनेही पळतो, म्हणून प्रत्येक मेमरिस्टरला जोडीला एक ट्रान्झिस्टर द्यावा लागतो, मग गर्दी वाढते.

तरी रडगाणंच आहे असं नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेली न्यूआरआरएएम ही चिप बघ, ४८ कोअर, तीस लाख मेमरिस्टर, आणि छोट्या फोटोंमधली वस्तू ओळखायच्या नेहमीच्या चाचणीत ८५.७ टक्के. सॉफ्टवेअरमध्ये याहून बरंच जास्त मिळतं हे तुला माहीत आहे, पण त्यांनी आकडा खऱ्या हार्डवेअरवर मोजून दिला, सिम्युलेशनवर नाही, म्हणून मला त्या ८५.७ चं कौतुक. २०२४ मध्ये बेंगळुरूच्या आयआयएससीतून श्रीतोष गोस्वामी यांच्या ग्रुपचं काम आलं, रुथेनियमच्या रेणूंचा थर, त्यात साडेसोळा हजार वेगवेगळ्या पायऱ्या साठवता येतात, आणि चढणं-उतरणं दोन्ही सरळ रेषेत. वर जे दुसरं दुखणं सांगितलं ना, नेमकं त्यावर बोट ठेवलंय. आता तेच एका पार्टवरून लाखांवर नेताना जिलबी होते का लाडू राहतो ते बघायचं.

मोबाइलमध्ये, माझा अंदाज, मेमरिस्टर मोठं एआय म्हणून नाही येणार. आला तर कानातल्या मशीनमध्ये, घड्याळात, नाडी मोजणाऱ्या पट्टीत येईल, जिथे काम एकच आहे, थोडी चूक चालते आणि बॅटरी नखाएवढी आहे. नुसती मेमरी म्हणून तर आलाच आहे, पॅनासोनिकने २०१३ मध्येच असल्या मेमरीचे मायक्रोकंट्रोलर बाजारात आणले होते. कोणी सिनॅप्स म्हणालं नाही म्हणून बातमी झाली नाही.

प्रश्न : मॅडम मी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला सिनॅप्स बनवायचा आहे. बाबा म्हणाले घरी होणार नाही. (बारामती)

बाबांना सांग होतो, साठ वर्षांपूर्वीचा होतो. वर विड्रोंची पेन्सिल वाचलीस ना? तीच.

एक साधी पेन्सिल घे, लाकूड पूर्ण तासून आतलं शिसं अख्खं काढ, तुटणारच, चार घेऊन बस. शाळेच्या लॅबमधून मोरचूद मिळेल, द्राक्षबागायतदार कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडेही असतो, बोर्डो मिश्रणाला लागतो. हा विषारी आहे, त्यामुळे बाईंच्या समोरच करायचं, हातमोजे घालायचे, भांडं स्वयंपाकघरातलं नको आणि धाकट्या भावंडांना जवळ येऊ द्यायचं नाही. आधी शिशाचा जेवढा भाग बुडवणार आहेस त्याच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोज, काही ओहम येईल, मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जेवढा येतो तो त्यातून वजा कर. मग दीड व्होल्टच्या सेलच्या मायनसला शिसं, प्लसला तांब्याची तार, दोन्ही मोरचुदाच्या द्रावणात बुडवायची, एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. पाच-दहा मिनिटांत शिसं लालसर दिसायला लागेल. बाहेर काढ, धू, पूस, आणि जेवढा भाग बुडला होता त्याच भागावर परत मोज. कमी झालेला दिसेल. सेल उलटा लाव, तांबं उतरेल, परत मोज. दर मिनिटाला मोजून वहीत तक्ता केलास तर उत्तमच, वाढताना आणि उतरताना आकडे सारखे येत नाहीत, परीक्षकांना तेच दाखव.

पाटीवर ‘कृत्रिम मेंदू’ असं लिहू नकोस, नाशिकचे डॉक्टर बघायला आले तर पंचाईत. काटा किंवा आकडा हललाच नाही तर मला कळव, पण त्याआधी एकदा बघ, बहुतेक शिशाला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटलेला असेल.